राबाईचे बॉम्बेवाले

शरणपूर रोडवर माझं अर्धं आयुष्य गेलं. भाजी, बँक, मुलांच्या शिकवण्या, महापालिकेत घरपट्टी भरणं, सगळं त्याच रस्त्याला. चर्चच्या आवारातली जुनी झाडं दिसायची, नाताळात चांदणी लागलेली दिसायची. शाळेतल्या एका मैत्रिणीचं घर त्या बाजूला होतं, म्हणून तिच्या आईच्या हातचा केक खाल्लेला. पण शरणपूर वसवलं कुणी आणि कुणासाठी, हे कधी विचारावंसं वाटलं नाही. नाशिककराला गोदाकाठच्या एकेका कुंडाचं पुराण तोंडपाठ असतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला दीडशे वर्षांपूर्वी काय घडलं हे विचारलं, की आपण मोबाईल काढतो.

विचारावंसं वाटलं ते केनियातल्या मोंबासात. धाकटा भाऊ तिथे नोकरीला, त्याच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहायचे, चर्चच्या कारभारात मुरलेले. भावाने ओळख करून देताना नाशिकचं नाव घेतलं आणि मास्तर खुर्चीत सरसावून बसले. "नासिक? मग तुम्ही राबाईला गेलंच पाहिजे. आमचे पहिले आफ्रिकी पाळक तुमच्या गावात शिकलेले." मी भावाकडे बघितलं, भावाने माझ्याकडे. इतकी वर्षं तिथे राहून त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबतं अरबस्तानाकडे आणि इराणी आखाताकडे जात. ब्रिटिश आरमार त्यांतली काही पकडायचं, आणि खरी पंचाईत तिथून सुरू व्हायची. गलबतातली सात-आठ-दहा वर्षांची पोरं सोडायची कुठे? न्यासा सरोवराच्या बाजूच्या कुठल्याशा गावातून धरून आणलेलं पोर. गाव जळालेलं, आईबाप मेलेले नाहीतर वेगळ्याच व्यापाऱ्याला विकले गेलेले. किनाऱ्यावर उतरवलं तर थोड्या दिवसांत पुन्हा कुणाच्या तरी दोरखंडात. म्हणून आरमाराची जहाजं ही पोरं एडनला, मॉरिशसला, सेशेल्सला नेऊन उतरवत, आणि मुंबईलाही. मुंबईत ती आधी पोलिसांच्या ताब्यात जायची, तिथून कुणाच्या घरी कामाला किंवा मिशनच्या हवाली.

चर्च मिशनरी सोसायटीचा विल्यम सॉल्टर प्राइस नावाचा पाद्री तेव्हा नाशिकला होता. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांसाठी त्याने १८५० च्या दशकात गावाबाहेर शरणपूर वसवलं, आणि पुढे तिथेच या आफ्रिकी मुलांचा आश्रम निघाला. वाचन-लेखन, बायबल, इंग्रजी, आणि हाताला काम हवं म्हणून सुतारकी-लोहारकी. नावं सगळी नवी. प्राइस, इझेनबर्ग, फरार ही पश्चिम हिंदुस्थानातल्या मिशनऱ्यांची आडनावं त्या पोरांना लागली. सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, कॅरस फरार. मॅथ्यू वेलिंग्टन नावाच्या याओ जमातीच्या मुलाचं घरचं नाव चेंगविंबे होतं. हे आपल्याला कळतं, कारण तो थेट १९३५ पर्यंत जगला आणि त्याने ते सांगून ठेवलं. बाकी बहुतेकांची पहिली नावं गलबतांतच राहिली.

प्राइसचा नाशिकमध्ये असा उद्योग चालला होता, तेव्हा समुद्रापलीकडे त्याच सोसायटीचा एक जर्मन मिशनरी हळूहळू आंधळा होत होता. योहानेस रेबमान. त्याच्या आधी आलेला योहान लुडविग क्राप्फ हा १८४४ च्या उन्हाळ्यात मोंबासात उतरला, आणि जुलै महिन्यात त्याची बायको रोझिना बाळंतपणानंतर तापाने गेली. पाठोपाठ तान्ही मुलगीही. खाडीपलीकडे मुख्य भूमीवर तिची कबर आहे. आता सभोवती न्यालीच्या इमारती उठल्यात. क्राप्फने सोसायटीला कळवलं ते असं, की या किनाऱ्यावर आपलं एक माणूस पुरलं गेलं आहे, तेव्हा आता काम सुरू झालं असं समजा. हे मी प्रथम वाचलं तेव्हा मला त्याचा रागच आला. बायको गेली त्या महिन्यात माणूस असलं पत्र लिहितो? पुढे त्याच्याबद्दल आणखी वाचल्यावर राग निवळला, पण पूर्ण गेला नाही.

१८४६ मध्ये रेबमान आला आणि दोघांनी मोंबासाच्या मागच्या टेकड्यांवर, राबाईत, बस्तान बसवलं. दोघेही फिरस्ते. ११ मे १८४८ ला रेबमानने किलिमांजारोच्या माथ्यावर बर्फ पाहिलं. विषुववृत्ताजवळ बर्फ असेलच कसं, म्हणून लंडनमधल्या एका भूगोलतज्ज्ञाने त्याला खोट्यात काढलं. पुढल्या वर्षी क्राप्फने माउंट केनिया पाहिला. दोघांनी शब्दकोश केले, व्याकरणं लिहिली. क्राप्फ तब्येतीने हरून युरोपला परतला. रेबमान मात्र राबाईतच राहिला, एकूण २९ वर्षं. या एवढ्या काळात बाप्तिस्मा घेणारे किती, तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. पहिला म्रिंगे, अपंग आणि मरणाला टेकलेला. नंतर अबे गुंजा.

राबाईच्या लोकांना मिशनऱ्यांचा द्वेष वाटत होता असं नाही. त्यांनी जागा दिली, उपदेश ऐकून घेतला आणि आपल्या वाटेने गेले. त्यांचा देव मुलुंगू होता, पूर्वज होते, आणि काया होती. काया म्हणजे टेकडीवरच्या दाट झाडीत दडलेलं कुळाचं मूळ गाव. वस्ती बाहेर पसरली तरी झाडीतली ती जागा देवाची राहते, तिथलं लाकूड तोडायचं नाही, वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आपल्याकडे सह्याद्रीत देवराया आहेत, त्या पाहिलेल्या माणसाला काया समजावून सांगावी लागत नाही. राबाईचे लोक ज्यांच्यात मोडतात त्या मिजिकेंडांच्या या वनांना २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, त्यात राबाईच्याही काया आहेत. ज्याचे पूर्वज चार पावलांवर झाडीत नांदतायत, त्याला वुर्टेंबर्गहून आलेला कुणी नवा देव देऊ लागला तर तो कशाला घेईल? रेबमानला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पण तो हटला नाही.

१८६४ मध्ये त्याच्या मदतीला नाशिकहून माणसं आली. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड. त्यांना आफ्रिकेत 'बॉम्बे आफ्रिकन' हे नाव पडलं ते कायमचं. दिसायला इथले, बोलण्या-वागण्यात कुठलेच नाहीत. इंग्रजी कपडे, हातात बायबल, हिंदुस्थानातल्या सवयी. स्वाहिली नव्याने शिकावी लागली. आपण जिथून आलो ते गाव आणखी शेकडो मैल आत कुठेतरी आहे, एवढंच त्यांना माहीत.

पुढच्याच वर्षी आफ्रिकेचा अंतर्भाग धुंडाळणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला. मोहिमेसाठी माणसं हवी होती, म्हणून नाशिकला जाऊन आश्रमातली काही मुलं त्याने निवडली. या 'नासिक बॉइज'बद्दल त्याच्या रोजनिशीत कौतुक कमी आणि कुरकुर जास्त आहे. आळशी आहेत, मागे राहतात, पळून जातात. काही खरोखर पळाले. रिचर्ड तापाने वाटेत गेला. पण १८६६ मध्ये त्याच्याबरोबर निघालेल्यांपैकी शेवटपर्यंत जे पाच जण टिकले, त्यांत नाशिकचे दोघं होते, एडवर्ड गार्डनर आणि नॅथॅनिएल माब्रुकी. उरलेले सुसी, अमोडा आणि चुमा. चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सनच्या शाळेत शिकलेला. १८७२ मध्ये नाशिकचे आणखी काही जण येऊन मिळाले, त्यांत जेकब वेनराईट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार.

१ मे १८७३ च्या पहाटे आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी, लिव्हिंग्स्टन खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. पुढचं सगळं या माणसांनी आपल्या अकलेने केलं. फरिजाला आणि कॅरस फरार यांनी प्रेत उघडलं, काळीज आणि आतडी काढून झाडाखाली पुरली. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. प्रेत मीठ लावून दोन आठवडे उन्हात सुकवलं, कापडात गुंडाळलं, झाडाच्या सालीचं नळकांडं करून त्यात बसवलं, वर शिडाचं कापड शिवून डांबर फासलं. मग साठेक माणसं ते ओझं खांद्यावर घेऊन किनाऱ्याकडे निघाली. हजाराहून जास्त मैल, नऊ महिने. वाटेत एका इंग्रज अधिकाऱ्याने सल्ला दिला की इथेच पुरून टाका. त्यांनी ऐकलं नाही. पुढे एका मुलखातले लोक प्रेत जाऊ देईनात. तेव्हा यांनी ज्वारीच्या ताटांची खोटी तिरडी बांधून ती मागे पाठवली, आणि खरं प्रेत कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून पुढे नेलं.

का केलं त्यांनी हे? पगारासाठी नाही, मालक मेला होता. इंग्रजांनी याला स्वामिनिष्ठा म्हटलं आणि लंडनच्या भूगोल मंडळाने 'शेवटपर्यंत इमानी' असं कोरून साठ पदकं पाडली. ती पोचेपर्यंत माणसं पांगली होती, अनेकांच्या हाती पदक पडलंच नाही. मला स्वामिनिष्ठा हे उत्तर पुरत नाही. ज्या माणसांच्या आईबापांना कुणी मूठभर माती दिली की नाही हे त्यांना जन्मात कळणार नव्हतं, त्यांनी एका प्रेताला त्याच्या गावी पोचवायचं मनावर घेतलं होतं. हा माझा अंदाज आहे. जेकबची रोजनिशी उपलब्ध आहे, पण असल्या गोष्टी तो लिहीत नाही. तो गावांची नावं लिहितो, नद्या लिहितो, कुठे धान्य मिळालं ते लिहितो. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता. १८९२ मध्ये तो आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला.

आता फ्रेअरटाऊन. सर बार्टल फ्रेअर हे नाव मराठी माणसाला एकदम परकं नाही. सातारचं राज्य खालसा झालं तेव्हा तिथला रेसिडेंट तोच होता. खालसा करू नका असं वरती लिहिणारा तो, आणि खालसा झाल्यावर तिथला कमिशनर होणाराही तोच. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, किल्ल्याचे तट पाडले. १८७३ मध्ये तो झांजीबारला गेला. गुलामांचा बाजार बंद करण्याचा तह सुलतान बर्गाशशी त्या वर्षी झाला. सोडवलेल्या गुलामांना आता मुंबईला न पाठवता आफ्रिकेतच गाव वसवून द्यावं, ही त्याची शिफारस, आणि त्यासाठी नाशिकच्या प्राइसला बोलावलं गेलं. मोंबासा बेटासमोर मुख्य भूमीवर जमीन घेतली, १८७५ पासून गलबतांतून सोडवलेली माणसं शेकड्यांनी तिथे उतरू लागली. त्यांना तिथे 'मातेका' म्हणत. घरं, शाळा, शेतं, चर्च, सगळं नाशिकच्या धर्तीवर, आणि चालवणारे बरेचसे नाशिकचेच, सुतार, लोहार, शिक्षक, उपदेशक.

तिथे एक घंटा आहे. गुलामांचे मालक हल्ला करून आले तर गाव सावध व्हावं म्हणून बांधलेली. आज ती मोंबासाहून उत्तरेला जाणाऱ्या हमरस्त्याच्या चौकात उभी आहे, चहूबाजूंनी माताटूंचे, म्हणजे वडाप गाड्यांचे, हॉर्न, आंबे-काजू विकणारे, मोबाईलच्या टपऱ्या. त्या थांब्याचं नावच केंगेलेनी, घंटेपाशी. भाऊ रोज तिथून गाडी काढायचा.

मिशनची ही गावं म्हणजे काही नंदनवन नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. उठायची वेळ ठरलेली, प्रार्थनेची ठरलेली, ढोल वाजवून नाचायला बंदी, चुकीला शिक्षा. १८८० च्या सुमारास फ्रेअरटाऊनच्या व्यवस्थापकाने दिलेल्या फटक्यांचा एवढा बोभाटा झाला की चौकशी लागली. प्राइसला पुन्हा यावं लागलं. आणि नाशिकच्या माणसांना तर हा काच दुहेरी. शिकलेले तेच, भाषा जाणणारे तेच, तापात न मरता काम रेटणारे तेच. पगार मात्र गोऱ्याच्या मानाने किरकोळ, आणि निर्णय घेणार काल बोटीतून उतरलेला तरुण पाद्री. यांनी तक्रार केली की ती 'गर्व' म्हणून नोंदली जायची. बूट घालतात, टोपी घालतात, साहेबी तोऱ्यात राहतात, अशी वाक्यं मिशनच्या पत्रांत सापडतात. ज्यांनी बूट घालायला शिकवलं तेच बुटांकडे बोट दाखवत होते. पुढे बरेच बॉम्बेवाले मिशन सोडून किनाऱ्यावरच्या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या आणि सरकारच्या नोकरीत गेले. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

पण मग हा धर्म तिथे रुजला कसा? रेबमानच्या २९ वर्षांत जे झालं नाही, ते नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत राबाईत झालं. त्याचं उत्तर पळून आलेल्या माणसांत आहे. किनाऱ्यावरच्या अरब आणि स्वाहिली मळ्यांतून गुलाम पळत, त्यांना 'वाटोरो' म्हणत. ते जंगलात लपत, आणि राबाईत आपल्यासारखीच माणसं घरं बांधून राहतायत हे कळल्यावर तिकडे येत. गोऱ्या मिशनऱ्यांची पंचाईत व्हायची. गुलामी तिथल्या कायद्याने चालू होती (ती उठली थेट १९०७ मध्ये), पळालेल्याला ठेवून घेणं म्हणजे मालकांशी आणि सुलतानाशी वैर. वरून हुकूम यायचे, घेऊ नका. राबाईचा कारभार पाहणारा विल्यम जोन्स घेत राहिला. जो स्वतः गलबतातून बाहेर काढला गेला, तो दारात आलेल्याला कुठल्या तोंडाने परत पाठवणार? आलेला माणूस दुसऱ्याच्या शेतावर राबायचा, झोपडी बांधायचा, संध्याकाळी प्रार्थनेला मागे बसायचा, मग अक्षरं गिरवायचा, मग बाप्तिस्म्याला नाव द्यायचा.

याहून विलक्षण गोष्ट आणखी आत, गिर्यामा जमातीच्या मुलखात, फुलाडोयोला घडली. अबे न्गोआ नावाचा एक गिर्यामा राबाईला वाचायला शिकला आणि आपल्या लोकांत जाऊन सांगू लागला. त्याच्या भोवती पळालेल्या गुलामांची वस्ती जमली, प्रार्थना सुरू झाल्या. तिथे गोरा पाद्री नाही, मिशनचा पैसा नाही, परवानगी तर नाहीच. १८८३ मध्ये मालकांच्या माणसांनी हल्ला केला आणि वस्तीचा पुढारी डेव्हिड कोई याला मारलं. सोसायटीने पुढे त्याची गणना हुतात्म्यांत केली. जिवंत असताना त्याचं गाव तिच्या दृष्टीने एक डोकेदुखी होती.

राबाईच्या मूळ रहिवाशाकडे काया होती, पूर्वज होते, त्याला या नव्या देवाची घाई नव्हती. वाटोरो आणि मातेका यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मेलेल्यांना अन्न कुठे ठेवायचं हे त्यांना सांगता येत नव्हतं. लग्न ठरवायला मामा नाही, बारशाला आत्या नाही, मेल्यावर खांदा द्यायला भाऊबंद नाहीत. चर्चच्या मंडळीने त्यांना ते दिलं. रजिस्टरात नाव, लग्नाला साक्षीदार, कबरीला जागा, रविवारी शेजारी बसणारं माणूस. धर्मांतर म्हटलं की आपल्याकडे लगेच आमिष की मतपरिवर्तन असा वाद पेटतो. त्या वादातल्या कुठल्याच खान्यात मला या लोकांना बसवता आलं नाही. त्यांनी एक धर्म सोडून दुसरा घेतला असंही धड म्हणता येत नाही, कारण पहिला त्यांच्याकडून हिसकावलाच गेला होता. आणि देणाऱ्यांत रेबमानपेक्षा जोन्सचा वाटा मोठा, असं माझं मत झालं आहे. रेबमानबद्दल आदर आहेच. १८७५ मध्ये तो आंधळा होऊन जर्मनीला परत निघाला तेव्हा त्याचा हात धरून बरोबर गेला तो अबे गुंजाचा मुलगा आयझॅक न्योंडो. एवढं माणूस त्याने जोडलं होतं.

१८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने जोन्स आणि सेमलर यांना डीकनची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. त्याच वर्षी तो जोन्सला घेऊन मसाई मुलखातून बुगांडाकडे, आजच्या युगांडातल्या राज्याकडे, निघाला. वाटेत जोन्सला बहुतेक काफिल्यासह मागे ठेवून पन्नासेक माणसांनिशी पुढे गेला, आणि ऑक्टोबरात तिथल्या राजा म्वांगाच्या हुकमाने मारला गेला. जोन्स वाट बघत थांबला. चार माणसं जिवंत परत आली, त्यांनी सांगितल्यावरही, बिशप कदाचित जिवंत असेल म्हणून तो थांबला. मग उरलेला काफिला त्याने एकट्याने परत आणला. १८८६ च्या फेब्रुवारीत राबाईच्या लोकांना टेकडीवरून एक निळं निशाण दिसलं. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'इखाबोद', वैभव गेलं. बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकातला हा शब्द. काफिल्यात एवढे ओझेकरी, पाठीशी एवढी वाट, आणि या माणसाने कापड, दोरा, अक्षरं जमवून ते निशाण शिवून घेतलं होतं.

पळालेल्या गुलामांचा तिढा सुटला तो तडजोडीने. १ जानेवारी १८८९ ला, ब्रिटिश कंपनीने मालकांना नुकसानभरपाई देऊन, सुमारे चौदाशे जणांना मुक्तीचे कागद वाटले. त्यांतले बहुसंख्य राबाईचे. भरपाई मालकांना, राबलेल्यांना नाही. म्हातारा प्राइस त्या वेळी पुन्हा तिथे हजर होता. आणि हेही खरं की ज्या कंपनीने कागद वाटले तिला किनारा ताब्यात हवा होता, शांतता हवी होती. मिशन पुढे, कंपनी मागे, राज्य त्यामागे, हा क्रम आपल्या ओळखीचाच आहे. तो विसरून या गोष्टी सांगता येत नाहीत. पण त्या दिवशी ज्याच्या हातात कागद पडला त्याला जाऊन हे कोण ऐकवणार?

मास्तरांबरोबर मी राबाईला गेले तो रविवार होता. मोंबासा-नैरोबी रस्त्यावर माझेरासला वळायचं, मग माडांतून चढण. जुन्या चर्चच्या इमारतीत क्राप्फच्या नावाचं संग्रहालय आहे, ते सावकाश पाहिलं. पण माझं लक्ष उपासनेत होतं. आल्या आल्या ढोल. ज्या ढोलाला मिशनने बंदी घातली होती तो वेदीच्या पायऱ्यांशी, आणि त्याच्या जोडीला कायांबा. बोरूसारख्या काड्यांची सपाट चौकट, आत बिया भरलेल्या. दोन्ही तळव्यांत आडवी धरून ती अशी हलवतात की आधी सुपात धान्य पाखडल्याचा आवाज येतो आणि मग त्यावर अंगठ्यांचा ठेका पडतो. वाजवणारी बाई साठीची असेल. कमरेला लेसो, म्हणजे छापील कापड, डोळे मिटलेले, पाय मात्र क्षणभर थांबत नव्हते. गाण्याची चाल इंग्रजी स्तोत्राची होती असं मास्तर म्हणाले. मला तरी ती ओळखता आली नसती.

दानाच्या वेळी नोटांबरोबर टोपल्याही पुढे आल्या. केळी, अंडी, नारळ, एक भोपळा, पाय बांधलेली एक कोंबडी. उपासना संपल्यावर बाहेर झाडाखाली या सगळ्याचा लिलाव सुरू झाला आणि मला एकदम शाळेतली मैत्रीण आठवली. तिच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला असाच लिलाव व्हायचा, एका पपईचे कुणीतरी हौसेने अव्वाच्या सव्वा पैसे दिलेले मी पाहिलेत. मास्तर सांगू लागले, "नासिकच्या बाई आल्यात, त्यांनी बोली लावल्याशिवाय कोंबडी जाणार नाही." हशा पिकला. मी बोली लावली. एका आजोबांनी वर चढवली. मी पुन्हा. लिलाव पुकारणारा पोरगा आजोबांना डिवचत होता, आजोबा मला. शेवटी कोंबडी माझ्या पदरात पडली, आणि ती घेऊन मी विमानात कशी बसणार, असं कुणीतरी ओरडलं. तेव्हा मास्तरांनी रीत सांगितली, घेतलेली वस्तू कुणाला तरी भेट द्यायची. मी ती कायांबावाल्या बाईंना दिली. त्यांनी हसत घेतली, पिसांवरून हात फिरवून वजन बघितलं, आणि पाळकांच्या बायकोला देऊन टाकली. तिने ती परत टेबलावर ठेवली, आणि पोरगा पुन्हा पहिल्यापासून पुकारू लागला.